विश्लेषण : बारकोड स्कॅन केल्यावर बाटलीच्या लेबलची सरकारी मंजुरी कळते का?

अमेरिकेतल्या दुकानात नाशिकची वाइन किंवा गोव्यात तयार झालेली सिंगल माल्ट व्हिस्की दिसली की तिथला मराठी माणूस बाटली हातात घेऊन पाहतोच. मोबाइलने बारकोड स्कॅन केला की अनेकदा नाव, आकार, किंमत समोर येते. पण या लेबलला तिथल्या सरकारने मंजुरी दिली आहे का, याचे उत्तर बारकोडमध्ये नसते. ती नोंद दुसरीकडे असते आणि ती कोणालाही मोफत पाहता येते. ती शोधायची कशी आणि सापडली नाही तर काय समजायचे, जाणून घेऊया.

लेबलला मंजुरी कोण देते?

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली. त्यानंतर १९३५ मध्ये आलेल्या कायद्याने मद्याच्या लेबलवर केंद्र सरकारची देखरेख सुरू झाली. २००३ पासून हे काम ‘टीटीबी’ ही यंत्रणा पाहते. ती तिथल्या अर्थखात्याच्या अखत्यारीत येते. तिच्याकडून मिळणाऱ्या लेबल मंजुरी प्रमाणपत्राला ‘कोला’ म्हणतात. परदेशी मालासाठी हे प्रमाणपत्र अमेरिकेतील आयातदार घेतो. त्याशिवाय विक्रीचा माल कस्टम्समधून सुटत नाही. म्हणजे लेबल अडले तर नाशिकच्या वाइनरीचा माल बंदरातच अडकतो.

बारकोड टाकून शोध का लागत नाही?

कारण दोन्ही क्रमांक वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. बारकोड हा व्यापाराचा क्रमांक आहे. तो ‘जीएस१’ या संस्थेच्या पद्धतीनुसार दिला जातो आणि दुकानातील बिल व साठ्यासाठी वापरला जातो. अमेरिकेत तो साधारणपणे १२ अंकी, तर भारतात १३ अंकी असतो. सुरुवातीचे ८९० हे अंक कंपनीने भारतात नोंदणी केल्याचे सांगतात. माल भारतातच बनला, याचा तो पुरावा नाही.

कोलाच्या सार्वजनिक नोंदवहीत बारकोडसाठी शोधाचा रकानाच नाही. मात्र अर्जासोबत दिलेले लेबलचे चित्र तिथे दिसते आणि त्यावर अनेकदा बारकोडही असतो. काही खासगी सेवा ही चित्रे सॉफ्टवेअरने वाचून बारकोड आणि मंजुरीची जोडणी करतात. ही सोय उपयोगी असली तरी तिला मर्यादा आहे. मंजुरीनंतर कंपनीला बारकोड बदलता येतो, वाढवता येतो किंवा काढून टाकता येतो. त्यासाठी नवी मंजुरी लागत नाही. त्यामुळे चित्रातला आणि हातातल्या बाटलीवरचा बारकोड वेगळा असू शकतो.

मग नोंद कशी शोधायची?

टीटीबीच्या संकेतस्थळावरील कोला नोंदवहीत ब्रँडचे नाव टाकावे. स्पेलिंग लेबलवर आहे तसेच लिहावे. निकाल जास्त आले तर मद्याचा प्रकार आणि मूळ देश निवडावा. तारखांचा कालावधी मोठा ठेवावा. वाइनचे वर्ष बदलले तरी नवी मंजुरी लागत नाही, त्यामुळे २०२३ च्या वाइनची मंजुरी कित्येक वर्षे जुनी असू शकते. नोंद उघडल्यावर लेबलचे चित्र, आयातदाराचे नाव आणि मंजुरीची स्थिती बाटलीशी ताडून पाहावी.

प्रत्येक नोंदीला १४ अंकी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक वर्ष आणि पुढचे तीन अंक वर्षातला दिवस दाखवतात. उदाहरणार्थ, २४०३२ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेला अर्ज.

नोंद सापडली नाही तर बाटली बनावट समजायची का?

लगेच नाही. ७ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या वाइनला कोला लागत नाही. स्वतःसाठी सामानातून नेलेल्या बाटलीलाही लागत नाही. मुंबई विमानतळावर घेतलेली बाटली त्या नोंदवहीत नसेल, तर त्यात संशयास्पद काहीच नाही. उत्पादन ज्या राज्यात झाले त्याच राज्यात विकल्या जाणाऱ्या काही मद्यांनाही वेगळे नियम आहेत. मात्र दुकानात विकल्या जाणाऱ्या आयात व्हिस्कीची नोंद कोणत्याच नावाने मिळत नसेल, तर दुकानदाराकडे किंवा आयातदाराकडे विचारणा करणे योग्य.

मंजुरी म्हणजे दर्जाची हमी का?

नाही. मंजुरी देताना लेबलवरचा मजकूर नियमांत बसतो का, हे पाहिले जाते. ब्रँड, मद्याचा प्रकार, अल्कोहोलचे प्रमाण, आरोग्याचा इशारा अशा बाबी त्यात येतात. हा इशारा देणे १९८८ च्या कायद्याने बंधनकारक झाले. प्रकार तपासण्याचा परिणाम मोठा असतो. अमेरिकेच्या नियमानुसार व्हिस्की धान्यापासूनच बनायला हवी. त्यामुळे आपल्याकडची मळीच्या मद्यार्काची ‘व्हिस्की’ तिथे केवळ व्हिस्की या नावाने विकता येत नाही. पण प्रत्येक बाटलीतले मद्य प्रयोगशाळेत तपासले गेले, असा मंजुरीचा अर्थ होत नाही.

आपल्याकडे काय पाहता येते?

भारतात मद्य हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात लेबलची मंजुरी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असते. याशिवाय मद्यासाठी ‘एफएसएसएआय’ची मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. लेबलवरचा १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक ‘फॉसकॉस’ पोर्टलवर टाकला की परवानाधारक कोण, हे कळते. इथेही तोच फरक लक्षात ठेवायला हवा. हा क्रमांक व्यवसायाची ओळख सांगतो, हातातल्या बाटलीची नाही. म्हणून एखादा क्रमांक जुळला तेवढ्यावर थांबू नये. नाव, प्रकार, उत्पादक किंवा आयातदार आणि सील हे सगळे जुळते का, तेही पाहावे.