मॉनिटर, बाह्य (चित्रसंपादनातील)

चित्रसंपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकास त्याच्या मूळ पडद्याखेरीज जोडलेला स्वतंत्र पडदा. ही जोडणी दोन हेतूंनी करतात : कामाची जागा वाढविण्यासाठी आणि तयार होत असलेले चित्र प्रेक्षकास जसे दिसेल तसे पाहण्यासाठी. दोन्ही हेतूंसाठी वापरलेले पडदे बाहेरून सारखे दिसत असले, तरी त्यांना पुरवावयाचा संकेत व त्यांची जुळवणी भिन्न असते. हा भेद महत्त्वाचा आहे. पडदा चुकीचे चित्र दाखवीत असेल, तर संपादक ती चूक चित्रात आहे असे समजून दुरुस्त करू लागतो आणि पडद्याचा दोष कायमचा चित्रात उतरतो.

पूर्वपीठिका : फितीवरील चित्रमुद्रणाच्या संपादनकक्षात मूळ फीत दाखविणारा एक व संपादित फीत दाखविणारा दुसरा, असे दोन मॉनिटर शेजारी शेजारी असत. संगणकीय संपादनातील ‘स्रोत’ व ‘कार्यक्रम’ या दोन खिडक्या याच रचनेच्या वारस होत. १९८७ साली आलेल्या मॅकिंटॉश २ या संगणकास एकाहून अधिक पडदे जोडता येत. त्यावर आधारलेली ॲव्हिड ही संपादनप्रणाली १९८९ मध्ये पुढे आली. अशा प्रणालींत एका पडद्यावर चित्रखंडांची यादी व दुसऱ्यावर चित्र आणि कालरेषा ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

जोडणीची साधने : १९८७ पासूनच्या व्हीजीए जोडणीतून अ‍ॅनॅलॉग संकेत जात असे. नंतरच्या एचडीएमआय (२००२), डिस्प्लेपोर्ट (२००६) व थंडरबोल्ट (२०११) या जोडण्या अंकीय आहेत. केबल जोडल्यावर मॉनिटर आपली क्षमता संगणकास कळवितो व त्यानुसार संगणक चित्राचा आकार आणि वेग निवडतो. ही देवाणघेवाण मधल्या एखाद्या उपकरणामुळे खंडित झाली, तर पडदा ओळखला जात नाही किंवा चित्र कमी सुस्पष्ट दिसते.

केबलची वहनक्षमता हिशेबाने ठरविता येते. ३,८४० × २,१६० चित्रबिंदूंच्या चौकटीत सु. ८३ लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येकास २४ बिट व सेकंदास ६० चौकटी धरल्यास सेकंदास सु. १२ अब्ज बिट वाहून न्यावे लागतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीची एकूण क्षमता सेकंदास १०.२ अब्ज बिट असल्याने तीत या आकाराचे चित्र सेकंदास ३० चौकटींपर्यंतच जाते. २०१३ च्या २.० या आवृत्तीत (१८ अब्ज बिट) ते ६० चौकटींनी जाऊ शकते. खाचेच्या आकारावरूनही क्षमता कळत नाही. यूएसबी-सी प्रकारच्या काही खाचांतून केवळ माहिती व वीजभार जातो, चित्र जात नाही. शिवाय किती पडदे चालतील हे चित्रप्रक्रियकावर अवलंबून असते. २०२० मधील एम१ प्रक्रियकाच्या मॅकबुक एअरमध्ये दोन खाचा असूनही उत्पादकाच्या विनिर्देशानुसार एकच बाह्य पडदा चालतो.

चौकटींचा वेग : भारतातील दूरचित्रवाणीसाठी सेकंदास २५ चौकटींचे मान स्वीकारलेले आहे, संगणकाचा पडदा मात्र बहुधा सेकंदास ६० वेळा नव्याने रेखला जातो. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नसल्याने काही चौकटी दोनदा, तर काही तीनदा दिसतात. पाच चौकटींना बारा आवर्तने, असे ते प्रमाण पडते. त्यामुळे आडव्या दिशेने सरकणाऱ्या दृश्यात सूक्ष्म हिसके जाणवतात व ते चित्रणाचे दोष वाटू शकतात. पडद्याचा वेग ५० हर्ट्‌झ केल्यास प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दिसते व हा भास नाहीसा होतो.

दीप्तीचा पल्ला : आठ बिटांच्या संगणकीय चित्रात काळ्यास ० व पांढऱ्यास २५५ हे मूल्य असते, दूरचित्रवाणीच्या संकेतात ती मूल्ये अनुक्रमे १६ व २३५ असतात. संगणक पूर्ण पल्ल्याचा संकेत पाठवीत असून मॉनिटर तो दूरचित्रवाणीचा समजत असेल, तर छायेतील बारकावे काळ्यात बुडतात व उजळ भाग पांढरेफटक होतात. संपादकाने यावर उपाय म्हणून छाया उजळल्यास प्रेक्षकास चित्र फिकट दिसते. उलट घोटाळ्यात काळा रंग करडा दिसतो व चित्र गडद करण्याचा मोह होतो. म्हणून दोन्ही टोकांस एकच पल्ला निवडलेला आहे, हे आरंभीच तपासावे लागते.

स्वतंत्र संकेतमार्ग : प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, दाविंची रिझॉल्व्ह इ. प्रणालींतून पूर्ण चित्र थेट बाह्य पडद्यावर पाठविता येते. पण नेहमीच्या जोडणीत संगणकाची कार्यप्रणाली मध्ये येऊन रंग व वेग बदलू शकते. हे टाळण्यासाठी डेकलिंक, कोना यांसारखी स्वतंत्र चित्रनिर्गम कार्डे वापरतात. त्यांतून संकेत चित्राच्या मूळ वेगाने व पल्ल्याने बाहेर पडतो. व्यावसायिक कक्षांत तो बहुधा एसडीआय पद्धतीच्या समाक्ष केबलने नेतात. उच्च सुस्पष्टतेच्या चित्रासाठी या पद्धतीचा वेग सेकंदास १.४८५ अब्ज बिट, तर १२जी या प्रकारात ११.८८ अब्ज बिट आहे. तिचे जोडटोक फिरवून घट्ट बसत असल्याने ते ओढले जाऊन निसटत नाही.

जुळवणी : संकेत अचूक असला, तरी पडदा प्रमाणित नसेल तर श्रम वाया जातात. उच्च सुस्पष्टतेच्या दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.७०९ या शिफारशीतील रंगमाने वापरतात. पांढऱ्या रंगाचे तापमान सु. ६,५०० केल्व्हिन व पांढऱ्याची दीप्ती दर चौ. मी.ला सु. १०० कँडेला ठेवतात. पडद्यावर संवेदक ठेवून ही मूल्ये मोजतात व पडद्याचे गुणधर्म कालांतराने बदलत असल्याने मोजणी ठराविक काळाने पुन्हा करतात. खोलीतील प्रकाश मंद व रंगहीन असावा, पडद्यामागील भिंत करडी असावी. अन्यथा डोळ्यांचा अंदाज चुकतो.

ध्वनी : मॉनिटर चित्रावर प्रक्रिया करण्यास थोडा वेळ घेतो. ध्वनी संगणकातून थेट येत असेल, तर तो ओठांच्या हालचालीच्या आधी ऐकू येतो. हा फरक पाहून कालरेषेवरील ध्वनी सरकविल्यास मुळात जुळलेली फीत बिघडते. अशा वेळी चित्र व ध्वनी एकाच कार्डातून घेणे किंवा प्रणालीत विलंबाचे मूल्य भरणे, हे योग्य उपाय होत.