मार्गदर्शिका आहे, गोळी अपुरी

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. तिथे तयार झालेली गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने 2020 मध्ये ‘एबीसी’ ही एकत्रित उपचारपद्धती स्वीकारली: गुठळी टाळणे, लक्षणे आटोक्यात ठेवणे, रक्तदाब-मधुमेहासारखे सोबतचे आजार सांभाळणे. पण हे तिन्ही एकाच रुग्णाला मिळते का? सुमारे 2 लाख 85 हजार रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात असे रुग्ण जेमतेम 21 टक्के निघाले. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही कमी होते.

सर्वांत जास्त खटकते ती औषधाची मात्रा. गुठळी टाळणाऱ्या एपिक्सॅबनची 5 मिलिग्रॅमची गोळी 2.5 वर आणायची तर सर्वसाधारणपणे वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) 1.5 मिग्रॅ/डेसिलिटर किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी हव्यात. तरी ‘वय झालंय, रक्तस्राव नको’ म्हणून ती अनेकदा उगाच कमी केली जाते. कुठे नुसती अॅस्पिरिनच लिहून देतात; एट्रियल फिब्रिलेशनमुळे होणारा पक्षाघात रोखायला ती पुरत नाही. रक्तस्रावाची भीती समजण्यासारखी आहे, पण वजन आणि क्रिएटिनिन न पाहताच मात्रा ठरवणे मुळीच समर्थनीय नाही. (रुमॅटिक आजाराने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना मात्र वॉरफरिनसारखी जुनी औषधेच, भारतात असे रुग्ण आजही पुष्कळ आहेत.)