संगणकाचा मंद प्रारंभ

डेस्कटॉप संगणकाचे बटन दाबल्यापासून तो काम स्वीकारण्यास सिद्ध होईपर्यंतचा काळ नेहमीपेक्षा पुष्कळ वाढणे, या दोषाला संगणकाचा मंद प्रारंभ म्हणतात. पूर्वी एखाद्या मिनिटात सुरू होणारा संगणक पाच-दहा मिनिटे घेऊ लागला, तर त्याचे कारण शोधणे इष्ट असते. हा दोष बहुधा केवळ गैरसोयीचा असतो. परंतु काही वेळा तो हार्ड डिस्क निकामी होऊ लागल्याची पहिली खूण असतो. अशा वेळी उपायांचा क्रम चुकल्यास डिस्कवरील हिशेब, छायाचित्रे, लेखन इ. माहिती कायमची नष्ट होऊ शकते. [→ संगणक].

प्रारंभाचे टप्पे : वीज बंद होताच संगणकाची मुख्य स्मृती रिकामी होते. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम (परिचालन प्रणाली) ही मूलभूत आज्ञावली प्रत्येक वेळी डिस्कवरून स्मृतीत नव्याने आणावी लागते. परंतु आणण्याचे हे कामदेखील एखाद्या आज्ञावलीनेच करावयाचे असते. हा पेच बुटाच्या मागील पट्टा धरून स्वतःच स्वतःला उचलण्यासारखा असल्यामुळे या क्रियेला त्या पट्ट्याच्या ‘बूटस्ट्रॅप’ या नावावरून ‘बूट’ ही संज्ञा मिळाली. मुख्य मंडलावरील एका कायम स्मृतीत लहानशी आज्ञावली साठवून हा पेच सोडविला जातो. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी या संगणकात ती बायॉस नावाने होती; आता तिची जागा यूईएफआय या प्रणालीने घेतली आहे.

ही आज्ञावली प्रथम प्रक्रियक, स्मृती, कळफलक इ. घटकांची तपासणी करते. हा पहिला टप्पा होय. दुसऱ्या टप्प्यात डिस्कवरील भारक आज्ञावली व तिच्यामार्फत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा स्मृतीत येतो. तिसऱ्या टप्प्यात निरनिराळ्या उपकरणांचे ड्रायव्हर व पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा सुरू होतात. वापरकर्त्याने परवलीचा शब्द दिल्यानंतर त्याच्यासाठी नेमून ठेवलेल्या आज्ञावल्या सुरू होतात, हा चौथा टप्पा होय. विलंब कोणत्या टप्प्यात होतो यावरून त्याच्या कारणाचे क्षेत्र पुष्कळच मर्यादित करता येते.

निदान : यासाठी प्रथम साधे घड्याळ पुरते. पडद्यावर उत्पादकाचे बोधचिन्ह दीर्घकाळ राहिल्यास दोष बहुधा पहिल्या टप्प्यात असतो. बोधचिन्हाखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहिल्यास डिस्क, ड्रायव्हर वा सेवा यांचा संशय घ्यावा. पडद्यावर चिन्हे दिसू लागल्यावरही संगणक प्रतिसाद देत नसेल, तर चौथ्या टप्प्यातील आज्ञावल्या अधिक झालेल्या असण्याचा संभव असतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये प्रारंभी सुरू होणाऱ्या आज्ञावल्यांची यादी व प्रत्येकीचा अंदाजे भार पाहता येतो. यूईएफआय असलेल्या बहुतेक संगणकांत पहिल्या टप्प्यास लागलेले सेकंदही तेथे दिसतात. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ’ ही आज्ञा टप्पेवार काळ सांगते. मात्र अनेक सेवा एकाच वेळी सुरू होत असल्याने त्यांच्या काळांची बेरीज म्हणजे एकूण विलंब नव्हे. कोणती सेवा दुसरीस अडवून धरते, हे पाहणे आवश्यक असते.

विंडोज ८ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत शीघ्र प्रारंभाची सोय असते. तिच्यामुळे संगणक बंद करताना गाभ्याची स्थिती डिस्कवर साठविली जाते व पुढील वेळी तीच परत आणली जाते. याउलट ‘रीस्टार्ट’ केल्यास संपूर्ण प्रारंभ होतो. म्हणून दोन मोजमापांची तुलना करताना दोन्ही वेळा एकच पद्धत अनुसरावी लागते. सेफ मोडमध्ये संगणक लवकर सुरू होत असेल, तर दोष नंतर बसविलेल्या ड्रायव्हरमध्ये किंवा आज्ञावलीत असण्याची शक्यता वाढते.

हार्ड डिस्कची मर्यादा : मंद प्रारंभाचे सर्वांत व्यापक कारण हार्ड डिस्कच्या यांत्रिक रचनेत आहे. तीत फिरत्या चुंबकीय तबकड्यांवरून वाचन-लेखन शीर्षे सरकतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८·३ मिलिसेकंदांत पुरा होतो. त्यामुळे हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी ४·२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास सु. ९ मिलिसेकंद धरल्यास एका वाचनास सु. १३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सु. ७५ विखुरलेली वाचने होतात. अशी दहा हजार लहान वाचने एकामागून एक करावी लागली, तर दोन मिनिटांहून अधिक काळ जाईल. ऑपरेटिंग सिस्टिम वाचनांची पूर्वयोजना करून हा काळ कमी करते. परंतु प्रत्येक नव्या आज्ञावलीबरोबर भार वाढतच जातो. एसएसडी या साधनात हलणारे भाग नसतात व एका वाचनास सु. ०·१ मिलिसेकंद पुरतो. तेवढीच वाचने तेथे सु. एका सेकंदात होतात. जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यावर होणारी सुधारणा प्रक्रियक बदलून सहसा होत नाही, याचे कारण हेच होय.

निकामी होणारी डिस्क : तबकडीवरील एखादा भाग वाचता येईनासा झाला की, डिस्क तो पुन:पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि अशा एकेका भागापायी अनेक सेकंद जातात. नेहमीपेक्षा वेगळा टकटक आवाज, फाइल उघडताना संगणक थिजणे व दिवसागणिक वाढणारा विलंब ही याची लक्षणे होत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत ठेवते. तीत पर्यायी जागी हलविलेल्या व वाचनाच्या प्रतीक्षेत असलेल्या भागांची संख्या वाढत असल्यास तो गंभीर इशारा समजावा. परंतु नोंद निर्दोष असली, तरी डिस्क निर्दोष असेलच असे नाही. अशा वेळी महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या साधनावर घेणे हे पहिले काम होय. विखुरलेल्या फाइली एकत्र आणणे, संपूर्ण पृष्ठभागाची दुरुस्ती-तपासणी करणे, ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसविणे या क्रियांनी दुबळ्या डिस्कवर प्रचंड ताण पडतो आणि उरलेली माहितीही गमावण्याचा धोका असतो. टकटक आवाज येत असल्यास डिस्क पुन:पुन्हा सुरू करून पाहू नये. माहिती अमोल असल्यास ती तज्ञाकडेच सोपवावी.

इतर कारणे : डिस्क व मुख्य मंडल यांना जोडणारी केबल सैल वा खराब असल्यास माहिती पुन:पुन्हा पाठवावी लागते, ‘स्मार्ट’ नोंदीतील सीआरसी त्रुटींची संख्या हे दर्शविते. पहिल्या टप्प्यातील विलंबास जोडून राहिलेला पेन ड्राइव्ह अथवा जाळ्यावरून प्रारंभ करण्याचा निष्फळ प्रयत्न कारणीभूत होऊ शकतो. मुख्य मंडलावरील ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची विद्युत् घटमाला क्षीण झाल्यास घड्याळ चुकते, काही संगणकांतील जुळण्या पुसल्या जातात व डिस्कचा क्रम बदलतो. डीडीआर५ प्रकारची नवी स्मृती बसविल्यावर पहिल्या प्रारंभास काही मिनिटे लागू शकतात; तो दोष नव्हे.

पुढील टप्प्यांत एकाच वेळी चालणाऱ्या दोन विषाणुरोधक आज्ञावल्या, उपलब्ध नसलेल्या जाळ्यावरील डिस्कची प्रतीक्षा, जवळजवळ भरलेली डिस्क, अपुरी स्मृती व घातक आज्ञावल्या ही कारणे आढळतात. अद्ययावतीकरण चालू असल्याची सूचना पडद्यावर असताना वीज तोडणे टाळावे.

उपाय : माहितीची प्रत घेतल्यानंतर एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर काळ मोजावा, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही. प्रथम अनावश्यक बाह्य उपकरणे काढावीत व प्रारंभीच्या आज्ञावल्यांपैकी नको असलेल्या थांबवाव्यात. ओळख न पटलेल्या आज्ञावल्या काढून न टाकता केवळ थांबवाव्यात, म्हणजे चूक झाल्यास त्या पुन्हा सुरू करता येतात. फाइली एकत्र आणण्याची क्रिया निरोगी हार्ड डिस्कला उपकारक असते. एसएसडीला तिचा लाभ होत नाही व विनाकारण झीज मात्र होते. रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावल्यांनी प्रारंभाच्या वेगात क्वचितच फरक पडतो. उलट आवश्यक नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो.

एवढ्याने भागले नाही, तर स्मृती वाढविणे वा एसएसडी बसविणे हे उपाय उरतात. जुन्या डिस्कची प्रतिकृती एसएसडीवर घेतल्यास बहुधा सर्व आज्ञावल्या पुन्हा बसवाव्या लागत नाहीत. नव्या साधनावरील माहिती उघडून पडताळून पाहीपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.