सातचा भोंगा आणि आपली मालिका

मैत्रिणींनो, "मोबाइल दे, तरच जेवतो!" हा हट्ट आपल्या संभाजीनगरातल्या सिडकोच्या घरात ऐकू येतो, तसाच खेड्यातही. कोरोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर आली. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल काही मुलांच्या हातून सुटेना.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या ऑगस्टमध्ये यावर साधा उपाय काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक! आशाताई, अंगणवाडीताई आणि निवृत्त शिक्षकांनी घरोघर फिरून पालकांना समजावलं.

यातली खरी गोम ओळखलीत ना? सात ते साडेआठ ही तर आपल्या मालिकांची वेळ! म्हणजे नियम एकट्या मुलांना नव्हता, सगळ्या घराला होता. आई मालिका बघतेय, बाबा मोबाइलमध्ये, आणि "तू अभ्यास कर" म्हटलं तर कोण ऐकणार?

आपल्याकडे भोंगा नसला तरी भिंतीवरचं घड्याळ आहेच. शाळेचा गृहपाठ मोबाइलवर आला, तर तो बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर करू द्या. ओटीपी, फोटो, घरचा पत्ता अनोळखी माणसाला द्यायचा नाही, हे वारंवार सांगा. कोणी धमकावलं तर मूल आधी तुमच्याकडेच यायला हवं, म्हणून लगेच रागावू नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. मुलं संकटात असतील तर १०९८ आहे.

मग आज सातला आपला टीव्ही बंद करून बघायचा का?