जहाजावरची पंगत

आगबोटीचा विषय निघाला की बेळगाव भागातल्या जुन्या मंडळींना वेंगुर्ले आठवते. रेल्वे येण्यापूर्वी या भागाचा मुंबईशी पुष्कळसा व्यवहार वेंगुर्ल्याच्या बंदरातून चाले. माणसे आणि माल बैलगाड्यांतून घाट उतरून समुद्राला लागत आणि पुढचा पल्ला गलबताने, नंतरच्या काळात आगबोटीने काढीत. त्या प्रवासात जेवणाचा प्रश्न फारसा अवघड नसे. ज्याने त्याने आपली दशमी-चटणीची शिदोरी न्यावी, डेकवर वळकटी सोडावी, आणि बोट लागली तर शिदोरी तशीच बांधून ठेवावी, असा एकंदर रिवाज होता.

कोकण किनाऱ्याची ती उतारू बोट गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद पडली. तिच्या जागी आता निराळाच प्रकार आला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाची पर्यटनाची बोट सुरू झाली. २०२० च्या महामारीत ती थांबली. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे मूळचे १९९० साली बांधलेले मोठे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागले. अशा जहाजावर कोणी कोठे पोहोचायचे म्हणून बसत नाही. दोन-चार दिवस त्यावरच राहावयाचे, जेवावयाचे, समुद्र पाहावयाचा आणि परत यावयाचे. लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या आई-वडिलांना मुले हौसेने तिकिटे काढून देतात, आणि मग घरात पहिला प्रश्न उभा राहतो : तेथे जेवायचे काय आणि कसे?

हा प्रश्न मला कडोलीत विचारला गेला. कडोली हे बेळगावच्या उत्तरेचे, सीमाभागातले गाव. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारे म्हणून पुष्कळ वाचकांना ते ठाऊक असेल. तेथील बायकांच्या एका भजनी मंडळाला पेटी शिकवण्यासाठी मी जात असतो. या मंडळाने वर्षभर भिशी साठवून येत्या मार्गशीर्षात मुंबईहून जहाजाने गोव्यापर्यंत जाऊन येण्याचे ठरवले आहे. मी स्वतः साथीदार म्हणून अशा जहाजावर दोनदा जाऊन आलेला, म्हणून रियाज संपला की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. “मास्तर, बोटीत भाकरी मिळतीय काय हो?” “नऊवारीत गेलो तर हसतील काय?” मंडळातल्या सर्वांत वडील आक्का मात्र काही विचारीत नसत. मी येणार नाही, एवढेच त्यांनी सांगून टाकले होते. कारण विचारता म्हणाल्या, “मी बाहेरचं खात नाही. आणि वाढल्याशिवाय जेवायची मला सवय नाही.”

आक्कांच्या उत्तराचा पहिला भाग आपल्या समाजाला नवा नाही. समुद्र ओलांडणाऱ्याच्या ताटाकडे आपण फार बारकाईने पाहत आलो आहोत. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकावयास अमेरिकेला निघाल्या, त्यापूर्वी श्रीरामपूर येथे त्यांनी भर सभेत सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. अठरा वर्षांच्या त्या मुलीने तसे करून दाखवले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी आपले शाहू महाराज विलायतेला गेले. त्याच समारंभाला जयपूरचे महाराज माधोसिंह ‘ऑलिंपिया’ नावाचे जहाज भाड्याने घेऊन निघाले, तेव्हा चांदीच्या अजस्र कलशांतून पुरेसे गंगाजल बरोबर घेतले होते. महाराजांना जहाजच भाड्याने घेता आले. कडोलीच्या आक्कांना तसे करण्याची गरज नाही, कारण आजच्या आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजाला शाकाहार, जैन आहार हे शब्द पाठ आहेत. मात्र ते वेळेवर सांगावे लागतात.

तेव्हा पहिली सूचना ही की पथ्य तिकीट काढतानाच लिहवून घ्यावे. कांदा-लसूण नको, मधुमेह आहे, अमुक पदार्थाने अंगावर पित्त उठते, हे सर्व आधी कळवावे आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच जेवणाला तेथील मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. दिवसाला काही हजार ताटे निघणाऱ्या मुदपाकखान्यात आयत्या वेळचे बदल अवघड असतात. आदल्या रात्री सांगितले तर बहुधा होतात. निघण्यापूर्वी पंचांग पाहावे. मध्ये एकादशी येत असेल तर फळे, दूध, उकडलेले बटाटे यांची सोय होईल का ते विचारावे. बेळगावची रताळी तेथे मिळण्याची आशा धरू नये. घरचे शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. औषधे आणि तान्ह्या मुलाचे अन्न याला सहसा हरकत नसते. तेव्हा थालीपिठांचा डबा तपासणीच्या मेजावर सोडून देण्याची वेळ आणण्यापेक्षा त्या कंपनीचा नियम आधी विचारलेला बरा.

जहाजावर जेवणाच्या जागा साधारणतः दोन प्रकारच्या असतात. एकीकडे पदार्थ मांडून ठेवलेले असतात, आपण ताटली घेऊन वाढून घ्यावयाचे. दुसरीकडे मेजावर बसावयाचे आणि वाढपी आणून देतो. वयस्क मंडळींनी निदान रात्रीचे जेवण दुसऱ्या ठिकाणी घ्यावे. जहाज डुलत असताना हातात भरलेली ताटली घेऊन गर्दीतून चालणे सोपे नाही. पहिल्या ठिकाणी जावयाचे झाल्यास वेळ उघडताच किंवा शेवटच्या अर्ध्या तासात जावे. मधल्या वेळी लग्नघरासारखी झुंबड असते. प्रथम रिकाम्या हाताने सगळ्या मांडणीभोवती एक फेरी मारावी, काय आहे ते पाहावे, आणि मग थोडे थोडे घ्यावे. पुन्हा घ्यावयास कोणी मना करीत नाही. पहिल्या दिवशी लोक ताटात डोंगर रचतात आणि दुसऱ्या दिवशी ओवा शोधत हिंडतात, हे मी पाहिले आहे.

पानात टाकू नये ही आपली शिकवण तर जहाजावर कायद्याशीही जुळते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दळलेले खरकटे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत आणि न दळलेले बारा मैलांच्या आत समुद्रात सोडता येत नाही. प्लास्टिक तर कोठेच टाकता येत नाही. म्हणजे आपण टाकलेला प्रत्येक घास कोणीतरी उचलतो, दळतो आणि सांभाळून ठेवतो. वापरण्याचे गोडे पाणीही बरेचसे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून जहाजावरच तयार होते, हे नळ सोडताना लक्षात असावे.

मेजावर बसताना अनोळखी लोकांशेजारी जागा मिळाली तर कंटाळू नये. शेजारी सुरतेचे व्यापारी असतील, हैदराबादचे मास्तर असतील. एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी कळते, पण पदार्थांवरून बोलणे सुरू होते आणि तिसऱ्या जेवणाला तेच लोक आपली जागा धरून ठेवतात. पंगतीत आपण हेच करीत आलो. नऊवारीला कोणी हसत नाही. उलट लोक कौतुकाने विचारतात. चप्पल मात्र मागून पट्टा असलेली, तळ न घसरणारी हवी. न्हाणीघराच्या दाराला बहुधा उंच उंबरठा असतो, त्याला पहिल्या दिवशी सगळे ठेचकाळतात. डेकवरची जड दारे वाऱ्याने एकाएकी मिटतात, म्हणून चौकटीवर बोटे ठेवू नयेत.

आता बोट लागण्याविषयी. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते तिला हालचाल जाणवते, आणि खोलीत बसलेल्या डोळ्यांना सर्व स्थिर दिसते. या दोहोंच्या विसंवादातून मळमळ सुरू होते. उपाय त्यातूनच निघतो. बाहेर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळे आणि कान यांचा सूर जुळतो. खोली निवडता येत असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्यावी. टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा अधिक. पोट अगदी रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा, कोरडी बिस्किटे जवळ ठेवावीत. गोळी घ्यावयाची तर डॉक्टरांना विचारून आणि मळमळ सुरू होण्यापूर्वी. मार्गशीर्ष-पौषात आपला समुद्र बहुधा शांत असतो. मंडळाने महिना चांगला निवडला आहे.

जेवणापूर्वी हात साबण-पाण्याने चांगले चोळून धुवावेत. बाटलीतला निर्जंतुक द्रव हाताला लावून भागत नाही. उलटी-जुलाबाचा जो नोरोव्हायरस जहाजांवर पसरतो, त्याच्यावर त्या द्रवाचा परिणाम कमी आणि साबण-पाण्याचा अधिक होतो. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान खोलीत पोहोचावयास काही तास लागतात.

भजनी मंडळासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. जहाजावर आगीइतके दुसरे भय नाही, म्हणून खोलीत निरांजन, उदबत्ती, धूप काहीही पेटवता येत नाही. इस्त्री आणि पाणी तापवण्याची किटलीही चालत नाही. पूजेला सेलवरचा दिवा न्यावा. पेटी-तबला न्यावयाचे आधी कळवून परवानगी घ्यावी. दमट खाऱ्या हवेत तबल्याची पुडी उतरते आणि खोलीतल्या यंत्राच्या कोरड्या हवेत चढते, तेव्हा हातोडी जवळ असू द्यावी. खोल्यांच्या भिंती पातळ असतात. काकडा खोलीत करू नये. व्यवस्थापकांना विचारल्यास सकाळी रिकामे असलेले दालन ते सहसा देतात.

निघण्याच्या सुमारास सर्व उतारूंना एका जागी बोलावून आणीबाणीची तालीम घेतात. पुष्कळ लोक तेव्हा चहा पीत बसतात. तसे करू नये. सात आखूड भोंगे आणि मग एक लांब, हा धोक्याचा इशारा. लघु-गुरू ओळखणाऱ्या मंडळाला तो एकदाच ऐकून लक्षात राहील. आपली एकत्र जमण्याची जागा कोणती आणि तेथे खोलीतून जिन्याने कसे जावयाचे, हे चालून पाहावे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती आठवण अद्याप निघते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे अवाढव्य पर्यटन-जहाज खडकावर आपटून बत्तीस माणसे दगावली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या काही उतारूंची तालीमच व्हावयाची राहिली होती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच तालीम घेतलीच पाहिजे असा नियम झाला.

पैशांचे म्हणाल तर तिकिटात रोजची जेवणे येतात. मद्य, बाटलीबंद पेये, खास दालनातले जेवण यांचे वेगळे पडतात. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड देतात त्यावरच खर्च चढत जातो, आणि पैसे हातातून जाताना दिसत नसल्यामुळे तो कळत नाही. रोज रात्री हिशेब मागून पाहावा. सेवेचा आकार, बंदराचा आकार व कर तिकिटात धरले आहेत की नाहीत, हे आधी विचारावे. किनारा सुटला की मोबाइल विमानप्रवासाच्या खुणेवर ठेवावा. समुद्रातल्या जोडणीचा दर फार असतो.

राहिला आक्कांच्या उत्तराचा दुसरा भाग. वाढल्याशिवाय जेवायची सवय नाही, असे म्हणणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक घरात आहेत. साठ वर्षे सर्वांच्या मागून, उरले-सुरले, गार झालेले जेवलेली बाई पांढऱ्या चादरीच्या मेजावर बसते आणि कोणीतरी अदबीने विचारतो, काय वाढू? तेव्हा तिला पदार्थांची नावे सुचत नाहीत. उठून भांडी गोळा करू लागणारी एक बाई मी जहाजावर पाहिली आहे. तिच्या सुनेने तिला हाताला धरून बसवले. बरोबरच्या मुलांनी येथे लक्ष द्यावे. आईला विचारून गप्प राहू नये. ती नको म्हणणारच. तिच्या आवडीचे काय आहे ते शोधून आणावे, ती जेवू लागेपर्यंत आपण घास उचलू नये, आणि तिचे जेवण संपेपर्यंत मेजावरून उठू नये. तिकिटाचे पैसे भरल्याने हे आपोआप होत नाही.

गेल्या खेपेस कडोलीला गेलो तेव्हा मंडळाच्या वहीत अकरा नावे होती. बारावे नाव आक्कांच्या नातीने लिहिले होते आणि त्यापुढे पथ्याच्या रकान्यात नोंद केली होती : कांदा-लसूण नको, ताक रोज हवे. आक्कांनी वही पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “ताक आंबट नको म्हणून लिही.”