सावकाश चालवण्याची परीक्षा

मोटरसायकल सावकाश चालवणे हे ती वेगाने चालवण्यापेक्षा अवघड असते, आणि जपानमधील दुचाकी परवान्याचे प्रशिक्षण ही गोष्ट गृहीत धरूनच आखलेले आहे. तेथील परीक्षेत ‘इप्पोनबाशी’ नावाची १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंच अशी पट्टी असते. तिच्यावरून खाली न उतरता गाडी न्यावी लागते, आणि ४०० सीसीपर्यंतच्या वर्गाला किमान ७, तर त्यापुढच्या वर्गाला किमान १० सेकंद लावावेच लागतात. दहा सेकंदांचा हिशेब मांडला तर वेग ताशी ५.४ किलोमीटर, म्हणजे पायी चालणाऱ्याइतकाच ठरतो.

अडचण भौतिकशास्त्राची आहे. दुचाकी सतत कोणत्या ना कोणत्या बाजूला कलत असते, आणि ज्या बाजूला ती कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवून चाके पुन्हा भाराच्या खाली आणली जातात. यालाच आपण तोल सांभाळणे म्हणतो. वळताना गाडीवर येणारा आडवा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग निम्मा झाला की हँडलच्या तेवढ्याच वळणाचा उपयोग चतुर्थांशावर येतो, म्हणून संथ गतीत हँडल बरेच अधिक आणि वेळेवर हलवावे लागते. फिरणाऱ्या चाकांमुळे गाडी भोवऱ्यासारखी उभी राहते ही समजूत मात्र अपुरी आहे, कारण हा परिणाम मुद्दाम नाहीसा केलेली सायकलही स्वतःला सावरू शकते असे ‘सायन्स’ या नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले.

यावरचा उपाय हात, पाय आणि नजर यांच्या मेळात आहे. क्लच पूर्ण दाबलेला नसतो आणि पूर्ण सोडलेलाही नसतो, अशा मधल्या स्थितीत, ज्याला सर्वसाधारणपणे ‘अर्धा क्लच’ म्हटले जाते, इंजिनची शक्ती चाकाकडे थोडी थोडी पोहोचते. थ्रॉटल जवळजवळ स्थिर ठेवून मागचा ब्रेक हलका दाबून धरला की गाडी पुढे ओढलीही जाते आणि रोखलीही जाते, आणि या दुहेरी ताणामुळे ती धक्के न देता सरकते. पुढचा ब्रेक येथे टाळायचा असतो, कारण हँडल वळलेले असताना तो जोरात दाबला तर पुढचा भाग खाली दबून गाडी आतल्या बाजूला कोसळते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली की खांद्यांवरचा ताण जातो आणि हँडल मोकळे राहते. नवशिके बहुधा नेमके याच्या उलट करतात: मुठी आवळतात आणि पुढच्या चाकाकडे पाहतात. नजर पट्टीच्या टोकापलीकडे राहिली, तर कल लवकर जाणवतो आणि दुरुस्ती लहान राहते.

गिअर नसलेल्या स्कूटरवर, जी महाराष्ट्रातील शहरांत घरोघरी दिसते, क्लच हाताशी नसला तरी थ्रॉटल किंचित उघडा ठेवून मागचा ब्रेक दाबण्याचे तंत्र बऱ्याच अंशी उपयोगी पडते. वाहनांच्या गर्दीत पाय टेकवत पुढे सरकण्याची सवय मात्र ते शिकण्याच्या आड येते.

जपानी शाळेत गाडीवर बसण्याआधी आडवी पडलेली गाडी उचलून उभी करायला शिकवतात. पुढे आठचा आकडा, ‘एस’ आकाराचा रस्ता, काटकोनी वळणे आणि ४.५ मीटर अंतरावर मांडलेल्या खुंट्यांमधून नागमोडी जाणे असे पाठ येतात. नागमोडी जाताना वेळेची अट उलटी असते: लहान वर्गाला ८ आणि मोठ्याला ७ सेकंदांच्या आत सुटावे लागते. एकाच मैदानात एकदा सावकाशीची आणि एकदा चपळाईची मोजणी करणे ही या अभ्यासक्रमातील खरी शहाणीव म्हणावी लागेल, कारण केवळ सावकाशी तपासली तर भिऊन चालवणारा आणि ताबा ठेवून चालवणारा यांच्यात फरक कळत नाही. मोठ्या वर्गाचे हे शिक्षण मान्यताप्राप्त शाळांत मिळू लागले ते १९९६ पासून. त्याआधी सरकारी केंद्रावर जाऊन अत्यंत कठीण मानली जाणारी थेट परीक्षा द्यावी लागे.

गुणांकनात एक मजेशीर फट आहे. पट्टीवर कमी पडलेल्या प्रत्येक सेकंदाला ५ गुण कापले जातात, पण पट्टीवरून चाक खाली उतरले तर परीक्षा तेथेच संपते, आणि उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ७० गुण पुरतात. त्यामुळे सरावात दहा सेकंद धरणारा उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेत दोन-तीन सेकंदांवर पाणी सोडून पलीकडे सुखरूप पोहोचणेच पसंत करतो.