ताटाची डावी बाजू

आपल्याकडे पान वाढायला घेतलं की मीठ-लिंबापाठोपाठ डावीकडे चटणी आणि कोशिंबीर येते, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी रोज लोकांना त्यांच्या ताटात काय असतं ते विचारते. बहुतेक ताटांची डावी बाजू ओस पडत चालली आहे आणि घरातलं सगळं तेल उजवीकडच्या रश्श्यावर तवंग होऊन तरंगतं आहे. शरीराला हवे असलेले चांगले स्निग्ध पदार्थ मात्र आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या डावीकडून मिळत आले: जवस, कारळे, तीळ, शेंगदाण्यांच्या चटण्यांतून, कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटातून.

रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की ही बाजू सगळ्यात आधी पुसली जाते. परवाच एक काकू आल्या होत्या. ‘कूट बंद केलं, चटणी बंद केली, खोबरं तर घरात आणतच नाही,’ म्हणाल्या. दिवसभराचं खाणं विचारत गेले, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर खारी निघाली, संध्याकाळी टोस्ट आणि आठवड्यातून दोनदा गाड्यावरची भजी. काकूंनी मनापासून पथ्य पाळलं होतं. पण जे खायला हवं तेच त्यांनी सोडलं होतं आणि जे सोडायला हवं ते ताटाबाहेर असल्यामुळे मोजण्यातच आलं नव्हतं.

स्निग्ध पदार्थांशिवाय शरीराचं चालत नाही. 1929 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना पूर्णपणे स्निग्धांशरहित अन्न दिलं. त्यांची वाढ खुंटली, कातडीला आणि शेपटीला खवले धरले. त्यातून कळलं की काही स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. आज त्यांना आपण ओमेगा-6 आणि ओमेगा-3 गटांतली म्हणून ओळखतो. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाच्या सोबतीनंच नीट शोषली जातात. गाजराच्या कोशिंबिरीत दोन चमचे कूट आणि वर जिरं-हिंगाची फोडणी घालणारी आजी गाजरातलं सत्त्व अंगी लागण्याची सोय करत होती.

सगळी चरबी मात्र सारखी नसते. तूप, लोणी, खोबरेल यांतली बहुतांश चरबी संपृक्त असते, म्हणून थंडीत ती घट्ट होते. ती जास्त झाली की घातक कोलेस्टेरॉल वाढतं. शेंगदाणे, तीळ, बदाम, अक्रोड, जवस आणि मासे यांतली बहुतांश चरबी असंपृक्त. संपृक्तच्या जागी ती आली तर हृदयाला आधार मिळतो. तिसरा प्रकार ट्रान्स फॅटचा, आणि तो सगळ्यात वाईट. वनस्पती तूप करताना तेल अर्धवट घट्ट केलं की तो तयार होतो. आपल्या देशात जानेवारी 2022 पासून तेल-तुपात त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या वर असता कामा नये असा नियम आहे. तरी खारी, पॅटिस, क्रीम रोल यांत संपृक्त चरबी आणि मैदा भरपूर असतोच, आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तळणीच्या तेलातही अपायकारक घटक वाढत जातात.

मग खायचं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप 27 ग्रॅम, तर दाणे आणि तेलबिया 35 ग्रॅम सुचवल्या आहेत. हे दोन आकडे मी येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर लिहून देते, कारण त्यांत बियांचा आकडा तेलापेक्षा मोठा आहे. चौघांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून साधारण साडेतीन लिटर पुरायला हवं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर दीड लिटर जास्त जातंय. दुसरीकडे 35 ग्रॅम म्हणजे मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा त्यांचं कूट आणि वर पोह्याचा एक-दीड चमचा जवस-तिळाची चटणी.

तेल आणि बी यांत फरक असतो. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा, पण त्याच दाण्यात पाव हिस्सा प्रथिनं असतात, चोथा असतो, मॅग्नेशियम असतं. घाण्यातून तेल निघतं तेव्हा हे सगळं पेंडीत मागे राहतं. आमची सोलापुरी शेंगाचटणी बघा. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं उखळात घालून कुटत राहायचं. आधी भुगा होतो, मग तो ओलसर दिसायला लागतो, आणि शेवटी दाण्याला स्वतःचंच तेल सुटून चटणी मुसळाला चिकटते. वरून थेंबभर तेल घालावं लागत नाही.

आपल्या ताटात सगळ्यात जास्त उणीव असते ओमेगा-3 ची. करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात ओमेगा-6 भरपूर, ओमेगा-3 जवळजवळ नाहीच. ती उणीव जवस भरून काढतो. पोह्याचा एक चमचा जवसाच्या पुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 मिळतं, म्हणजे जवळपास दिवसाची गरज भागते. मात्र जवस अख्खा गिळला तर त्याचं कठीण साल पचत नाही आणि तो तसाच बाहेर पडतो. म्हणून विदर्भातल्या बायका करतात तसं करावं. लोखंडी कढई मंद आचेवर ठेवून जवस परतायचा; तो तडतडायला लागला, खमंग वास आला की लगेच ताटात काढायचा, कारण कढईत राहिला तर करपून कडू होतो. पूर्ण गार झाल्यावर सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून भरड वाटायचा. हे तेल हवेनं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतीच चटणी करून घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावी.

कोकण-गोव्याच्या घरांना याहून सरस ओमेगा-3 मिळतं ते तारली आणि बांगड्यातून. जवसातलं ओमेगा-3 शरीराला बदलून घ्यावं लागतं आणि त्यातलं थोडंच बदलतं. माशातलं तयार असतं. सुरमई-पापलेटच्या मानानं हे मासे स्वस्त. आठवड्यातून दोनदा तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लं तर तळलेल्या तुकडीपेक्षा ते कितीतरी हिताचं.

थोडी काळजीही घ्या. एक ग्रॅम चरबीत 9 कॅलरी असतात, चांगल्या चरबीतही तेवढ्याच. म्हणून कूट-चटणी नेहमीच्या खाण्यात नुसती वाढवायची नाही, ती कशाच्या तरी जागी आणायची: खारीच्या जागी मूठभर दाणे, फरसाणाच्या जागी तिळाची चटणी आणि भाकरी. बुरशी आलेले, काळपट शेंगदाणे निवडून टाकून द्या. भाजल्यानं त्यांतलं विष जात नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रोज जवस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वरण-भातावर चमचाभर साजूक तूप खुशाल घ्या, फक्त ते 27 ग्रॅमांत धरा.

परदेशी ऑलिव्ह तेल आणि चिया सीड्स परवडत नाहीत म्हणून चांगलं खाणं आपल्या आवाक्याबाहेरचं, असं मानणारे खूप भेटतात. जवस विदर्भातल्या रानात पिकतो, कारळे डोंगरउतारावर, शेंगा आणि तीळ तर कुठल्याही वाण्याकडे. पुढच्या महिन्याची किराणा यादी लिहाल तेव्हा तेल दीड लिटर कमी लिहा, खारी-टोस्टची ओळ खोडा, आणि त्या पैशांत जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे भरा. घरातल्या प्रत्येकाला, शाळेच्या डब्यातल्या लेकरापासून गोळ्या चालू असलेल्या आजोबांपर्यंत, चांगली चरबी पोचवायला एवढी एक यादी पुरते.